तिसरीतल्या मुलाला वाचता येत नाही: दोष रक्ताचा, बुद्धीचा की स्थलांतराचा?

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुम्ही बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवता. वर्गात ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा आहे, इयत्ता तिसरी. जोडाक्षरे सोडाच, काना-मात्राही लागत नाहीत. आरोग्य तपासणीत त्याचे हिमोग्लोबिन ९.२ निघाले, डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे. तालुक्याला बुद्धिमापन चाचणी झाली, तिथून 'मंदगती' असा शेरा आला. संस्थेच्या कार्यकर्त्या म्हणतात, सगळे स्थलांतरामुळे. आजी म्हणते, "ह्याचा बापबी असाच होता, मागून शहाणा झाला." यंदा त्याला आजीजवळ ठेवावे असा तुमचा विचार आहे, पण आजीला नीट दिसत नाही. तुम्ही विचारता, यातले खरे कारण कोणते? आणि प्रशिक्षणात सांगितलेला 'आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन' म्हणजे या चौघांची मते एकाखाली एक लिहून काढायची का?

मी गृहविज्ञान शाखेतून मानवी विकास हा विषय शिकले आणि नंतरचे आयुष्य मराठवाड्यात अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि घरभेटी यांतच गेले. त्या अनुभवावरून सांगते: चौघेही बरोबर असू शकतात, फक्त चौघे वेगवेगळ्या काळाबद्दल बोलत आहेत. डॉक्टर या महिन्यातल्या रक्ताबद्दल बोलतात. चाचणी एका दुपारबद्दल बोलते. कार्यकर्त्या गेल्या तीन हंगामांबद्दल, आणि आजी तीस वर्षांपूर्वीच्या पोराबद्दल. हे सगळे एकाच वेळचे धरले की भांडण होते. एका रेषेवर वयाप्रमाणे मांडले की बरेचसे भांडण मिटते आणि कशाला आधी हात घालायचा तेही दिसते. मते एकाखाली एक लिहून काही निघत नाही. प्रत्येकाला 'केव्हापासून?' आणि 'त्या वेळी घरात आणखी कोणाचे काय चालले होते?' एवढे दोन प्रश्न विचारले की काम सुरू होते.

तुमच्या वर्गातल्या या मुलाबद्दल मी इथून निदान करणार नाही, ते करूही नये. पण कोणत्या क्रमाने बघावे ते सांगते.

सगळ्यात आधी कान आणि डोळे. तुमच्या चौघांपैकी कोणीच कानाबद्दल बोललेले नाही, म्हणून मला जास्तच शंका येते. कोपीतली, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीतली थंडी, सतत सर्दी, मग कान फुटणे, पू येणे, त्यात तेल सोडणे, हे या मुलांचे नेहमीचे आहे. कान वाहत असला की ऐकू कमी-जास्त येते. एका दिवशी पोर चटकन उत्तर देते, दुसऱ्या दिवशी ढिम्म. आपण म्हणतो लक्ष नाही. साधी परीक्षा करून बघा: त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा, त्याला एक कान बोटाने बंद करायला सांगा आणि कुजबुजत्या आवाजात ओळखीचे शब्द म्हणा, 'बैल', 'मोळी', 'पाणी'. तो तेच परत म्हणतो का बघा, मग दुसरा कान. अडखळला तर पुढचे सगळे थांबवून आधी कानाच्या डॉक्टरांकडे. डोळ्यांचेही तसेच. फळ्यावरचे दिसते पण पुस्तकातला वेलांटी-उकार दिसत नाही अशी मुले असतात, आणि उलटीही.

तुम्ही म्हणाल, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येतेच. येते, वर्षातून एकदा. ते ज्या दिवशी आले त्या दिवशी हा मुलगा शाळेत होता का, हे हजेरीपटावरून ताडून बघा. जंतनाशकाची गोळी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये मिळते. फेब्रुवारीत हा फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणी. आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी शाळेत मिळते, पण दिवाळीनंतर हा शाळेतच नाही. म्हणजे ज्या योजना मुलाला शाळेत गाठायच्या म्हणून आखल्या, त्या याला निम्मे वर्ष गाठतच नाहीत. हिमोग्लोबिन ९.२ का, याचे थोडे उत्तर इथेच आहे, आणि ते डॉक्टरांच्या कागदावर दिसणार नाही, तुमच्या हजेरीपटावर दिसेल.

आता शाळेचा हिशेब. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत फार तर साडेचार महिने. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, टोळी परत येते तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो, परीक्षा तोंडावर असते. पहिली आणि दुसरी मिळून या मुलाच्या वाट्याला नऊ-दहा महिने शाळा आली, तीही मध्ये सहा महिन्यांची खोट पडून. वाचन पक्के होईपर्यंत रोज लागते. अक्षर ओळखणे आणि अक्षर न थांबता लागणे यात बरेच अंतर आहे, ते फक्त सरावाने कापले जाते. पहिल्या टप्प्यावर सहा महिने गेले की मूल पुन्हा 'क' पाशी येते, आणि तिसऱ्यांदा 'क' पाशी आलेल्या मुलाची हौस संपलेली असते. त्याच्या कागदावर तिसरी लिहिले आहे, शिक्षण पहिलीचेही पुरते झालेले नाही. कार्यकर्त्या म्हणतात त्यात तथ्य आहे ते एवढे. 'सगळे स्थलांतरामुळे' हे मात्र मला पटत नाही, कारण त्याच टोळीतली काही मुले वाचतात. ती कशी वाचतात हे विचारले पाहिजे.

चाचणीचे बोलू. माझा चाचण्यांना विरोध नाही, मी त्या वापरते. पण त्यांचे प्रमाणांक, म्हणजे कोणत्या वयाला किती गुण अपेक्षित ते आकडे, सहसा नियमित शाळेत जाणाऱ्या मुलांवर बेतलेले असतात. कोणती चाचणी होती, कोणत्या भाषेत विचारले, शब्दांवर अवलंबून नसलेला भाग होता का आणि त्यात गुण किती, हे मागून घ्या. बौद्धिक अक्षमता म्हणायची तर नुसता बुद्ध्यंक पुरत नाही, रोजच्या जगण्यात मूल कसे वागते तेही पाहावे लागते. हा मुलगा दुकानातून सामान आणून उरलेले पैसे बरोबर परत देतो का? बैल सोडून आणतो का? वडील ऊस तोडत असताना मोळ्या मोजतो का, आणि गाडीत किती मावतील याचा अंदाज त्याचा बरोबर येतो का? ऐकलेली गोष्ट उलगडून सांगतो का? हे सगळे जमत असेल तर 'मंदगती' हा शेरा मी दप्तरात ठेवून देईन, त्याच्या कपाळावर मारणार नाही. वाचनाच्या अक्षमतेचेही तसेच आहे: पुरेसे शिकवून झाल्याशिवाय ते निदान करताच येत नाही, आणि याला पुरेसे शिकवलेलेच नाही. आठ आठवडे, रोज पाऊण तास, त्याच्या पातळीवरून शिकवा. इयत्तेचे पुस्तक बाजूला ठेवा. हलला तर उत्तर मिळाले. कान-डोळे ठीक असून, रक्त सुधारूनही जागचा हलला नाही, तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या आणि तेव्हा आग्रहाने पुन्हा तपासून घ्या.

रक्ताची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण 'गोळ्या द्या, पोर हुशार होईल' असा समज दोन्हीकडून असतो. आजच्या लोहाच्या कमतरतेने मूल दमते, त्याचे ध्यान टिकत नाही; गोळ्यांनी ते बऱ्यापैकी सुधारते. पण तान्हेपणी, मेंदू झपाट्याने वाढत असताना लोह कमी पडले असेल तर नंतर रक्त भरून निघाले तरी काही परिणाम मागे राहतात. कोस्टारिकात बेट्सी लोझॉफ आणि सहकाऱ्यांनी अशी मुले तान्हेपणापासून १९ वर्षांच्या वयापर्यंत पाहिली. ज्यांना तान्हेपणी लोहाची जुनाट कमतरता होती, ती उपचार होऊनही बुद्धीच्या चाचण्यांत मागे राहिली. त्यातही मध्यमवर्गी घरांतल्या मुलांचे मागे राहणे वर्षानुवर्षे साधारण तेवढेच राहिले. गरीब घरांतल्या मुलांचे अंतर मात्र वयाबरोबर वाढत गेले. रक्त दोघांचेही सुधारले होते. वाढत गेला तो घरातला फरक: बोलणारे माणूस, वेळ, पुस्तक, शाळा. म्हणून 'रक्त की परिस्थिती?' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. रक्ताने जिथे खोट आणली तिथेच परिस्थितीचा भार पडतो.

याहून मागे जायचे तर मुलाच्या जन्माआधी. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी माता आणि मुले पाहत आले आहेत. तिथल्या आयांचे गरोदरपणाआधीचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास, आणि बाळे पावणेतीन किलोच्याही आत. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा ही बाळे बारीक होती, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने शाबूत. पुढे मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते. त्या अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे: गरोदरपणी शेतातले आणि पाणी वाहण्याचे कष्ट जास्त असलेल्या बायकांची बाळे लहान होती, आणि ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळे, दूध जास्त वेळा होते त्यांची मोठी. वजनकाट्यावरचा आकडा वैद्यकाचा, पण तो घडला कामाच्या वाटणीतून आणि चुलीपाशी कोण शेवटी जेवते यातून. कोयता, म्हणजे ऊसतोडीतली एक जोडी, नवरा-बायकोचा मिळून धरतात, म्हणून बाई सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत फडात वाकून तोडते आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. तुमच्या मुलाच्या आईला विचारा, हा कधी जन्मला, हंगामात की पावसाळ्यात? फडावर जन्मला असेल तर आशाताईंच्या पहिल्या सहा आठवड्यांतल्या घरभेटी झाल्या का? माता-बाल संरक्षण कार्ड ट्रंकेत असेल तर त्यावर जन्मवजन आणि लसी सापडतील.

हे जाणून शिक्षकाला काय उपयोग, असे तुम्ही म्हणाल. उपयोग एवढाच की कोणती खोट आता भरून निघेल आणि कोणती जमेस धरून चालायचे हे ठरवता येते. जन्मवजन तुमच्या हातात नाही. तो कमी वजनाचा होता म्हणून शिकणार नाही, असेही कोणी सांगू शकत नाही. उलट दाखला आहे. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात मुलांना पूरक आहार दिला गेला. दोन गावांत प्रथिनयुक्त पेज, दोन गावांत नुसते गोड पेय. पुढे तीच मुले मोठी झाल्यावर शोधून काढली. ज्या मुलग्यांना पहिल्या दोन वर्षांत ती पेज मिळाली, त्यांची मोठेपणी तासाची कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. मुलींच्या कमाईत तसा फरक दिसला नाही. पेज मुलींना लागू पडली नव्हती का? पडली होती. त्या शाळेत एक इयत्ता जास्त शिकल्या, मोठेपणीचे वाचनही सुधारले, आणि पुढे त्यांची स्वतःची बाळे मोठी निपजली. फक्त त्या गावांत बायकांना चांगल्या मजुरीचे काम मिळत नव्हते. आहारतज्ज्ञाला यातले निम्मे दिसले असते, अर्थतज्ज्ञाला उरलेले निम्मे. चाळीस वर्षे त्याच माणसांच्या मागे राहिल्यामुळे दोन्ही दिसले. तुम्ही विचारलेल्या त्या जड शब्दाचा मला कळलेला अर्थ हा आहे.

बापाबद्दलही थोडे, कारण आजीचे वाक्य उडवून लावू नये. बाप उशिरा शहाणा झाला म्हणजे कोणत्या वयात, कशामुळे? कोणी शिकवले, की गाडीचा हिशेब ठेवण्याची वेळ आली म्हणून अक्षर आले? हे आजीकडून काढून घ्या, त्यात तुमच्या कामाची युक्ती सापडू शकते. आणि यंदा उचल, म्हणजे टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, फिटली का हेही हळूच विचारा. अमेरिकेत १९३० च्या मंदीत वाढलेल्या मुलांचा अभ्यास ग्लेन एल्डर यांनी केला. तीच मंदी, तीच घटलेली कमाई, पण त्या वेळी किशोरवयात असलेली मुले घरची जबाबदारी उचलून बऱ्यापैकी सावरली. जे मुलगे तेव्हा अगदी लहान होते त्यांना ती जास्त बाधली. बाधण्याची वाट बहुतेकदा बापाच्या चिडचिडीतून जात होती. मुकादमाची बाकी अंगावर असलेल्या घरात सात-आठ वर्षांच्या पोराच्या वाट्याला काय येते ते तुम्ही रोज बघता.

आता आजी. एका गावात मला सहावीतली एक मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर दिसायची. शिक्षकांनी समजावले, कार्यकर्तीने समजावले, सगळ्यांना वाटले पोरीला गोडी नाही. घरी गेलो तर आजी चुलीपुढे बसून हाताने चाचपडत भाकरी थापत होती, आणि पोर शेजारी बसून "आता उलटव" असे सांगत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पोर शाळेत गेली की म्हातारीची भाकरी करपायची आणि नळाचे पाणी राहायचे. जिल्हा रुग्णालयात मोफत शस्त्रक्रिया झाली, पोरीची हजेरी सुधारली. तिला कोणी एक अक्षर समुपदेशन केले नाही.

यात नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले तेव्हा त्यांना हेच दिसले: मोठी मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर भावंड आहे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. एका वयाची अडचण दुसऱ्या वयाच्या माणसापाशी जाऊन सोडवली. तुमच्या मुलाची चावी कदाचित साठीच्या बाईच्या डोळ्यात असेल.

म्हणून हे सगळे एका कागदावर आणा. मी घरभेटीला शिलाईच्या दुकानातला खाकी कागद नेते, लांब पट्टी कापून. आडवी रेघ, खाली सन, वर मुलाचे वय. त्याच्याखाली आईची रेघ, बापाची, आजीची, भावंडांची, प्रत्येकाच्या वयासकट. मग हंगाम रंगवायचे: कोणत्या वर्षी कुठे गेले, मूल सोबत होते की मागे. त्यावर आजारपणे, बाळंतपणे, दुष्काळ, उचल, शाळा. आकडे घरच्यांना आठवत नाहीत, प्रसंग आठवतात, "धाकटीच्या वेळेला", "टँकर चालू होता तवा". त्यावरून सन काढायचा. कागद जमिनीवर पसरला की आजी आणि बाप आपोआप दुरुस्त्या सांगू लागतात. तासाभरात जे कळते ते चार अहवालांत नसते. फक्त सगळ्यांसमोर विचारू नये अशा गोष्टी, आईचे लग्नाचे वय, गर्भपात, पिशवीचे (गर्भाशय काढण्याचे) ऑपरेशन, त्या आईशी एकटीशी आणि शक्यतो बाईमाणसाने बोलाव्यात. तुमच्या शाळेत बाई नसतील तर अंगणवाडीताईंना सोबत घ्या.

थोडक्यात क्रम असा: कान-डोळे या आठवड्यात. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढे महिने, आणि हंगामाला जायचे झालेच तर गोळ्या आईच्या हातात मोजून द्यायच्या. आठ आठवडे त्याच्या पातळीचे शिकवणे लगेच सुरू. चाचणीचा कागद तोवर बाजूला. आजीचे डोळे दिवाळीच्या आत. हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच घालून घ्या. बऱ्याच ठिकाणी तिथे दोन वेळचे जेवण मिळते पण रात्री मूल नातेवाइकांकडेच झोपते, त्यामुळे आजीचा प्रश्न वसतिगृहाने सुटत नाही. आजीची तब्येत खरेच झेपण्यासारखी नसेल तर मुलाला ठेवण्याचा हट्ट धरू नका. तेव्हा सोबत पाठवायचे आणि कारखाना कोणता, गाव कोणते ते विचारून तिथल्या शाळेत दाखल होईल असे बघायचे. दोन्ही मार्गांत काही ना काही गमावले जाते.

आणखी एक विचारायचे राहिले. तुम्ही लिहिले आहे की त्याला सातवीतली बहीण आहे. तिच्याबद्दल एवढेच लिहिलेत की 'ती हुशार आहे, तिची काळजी नाही'. मला तिचीच जास्त काळजी वाटते. आई-बाप फडावर, आजीला दिसत नाही, म्हणजे घर आणि भाऊ दोन्ही तिच्यावर. अशा घरात "पोरगी मागे एकटी कशी ठेवायची" म्हणून दोन वर्षांत लग्न उरकतात, आणि जोडी झाली की नवा कोयता तयार होतो. मग विशीच्या आत तिचे बाळ, पुन्हा तेच वजन, तेच रक्त. पट्टीवर तिची रेघ मुलाच्या रेघेइतकीच लांब काढा, मोठ्या मुलांसाठीच्या लोहाच्या निळ्या गोळ्या तिला मिळतात का बघा, आणि आठवीला शाळा कुठे, जायला एसटी आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा.

बापाशी बोलणे श्रावणातच करा, सर. एकदा मुकादमाकडून उचल घेतली की कोण सोबत जाणार आणि कोण मागे राहणार हे ठरून गेलेले असते. दसऱ्याला समजावायला गेलात तर तो नुसती मान डोलावील.